पिस्तुलाची खटपट आणि सरावाची वही

तुम्ही अडीच वर्षांपासून १० मीटर एअर पिस्तूल खेळत आहात. कॉलेज सांभाळून आठवड्यातून चार दिवस रेंजवर जाता, सरावात ६० शॉटमध्ये ६०० पैकी ५५५ ते ५६० गुण होतात आणि स्पर्धेत मात्र ५४० च्या आसपास अडकता. गेल्या सहा महिन्यांत ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, दोनदा बदलली, ट्रिगर किती वेळा बदलला याची मोजदाद नाही, आणि आता वडिलांकडे नव्या पिस्तुलाचा विषय काढावा की काढू नये, या पेचात आहात. सराव किती आणि कसा करावा, स्पर्धेसाठी मन कसे तयार करावे आणि उपकरणात काय बदलावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. नवे पिस्तूल घेऊ नका. ट्रिगर एकदा कारखान्याच्या मूळ जागी आणा आणि मग दोन महिने त्याला हात लावू नका. ग्रिपवर मात्र एकदा नीट बसून काम करा, आणि यातले काहीही करण्यापूर्वी पंधरा दिवस फक्त वही लिहा.

माझ्याविषयी एवढेच सांगतो की नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये मी सारी नोकरी केली आणि पिस्तूलही जवळजवळ तेवढीच वर्षे हातात धरले. मायक्रोमीटरवर पोट भरणाऱ्या माणसाच्या हाती फिरवायला दहा स्क्रू असलेले यंत्र आले की त्याचे काय होते, हे मी स्वतःवरून जाणतो. त्यामुळे खटपटीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तिचा हिशेब मात्र मी ठेवायला शिकलो, आणि तोही बराच उशिरा.

तुम्ही सोबत पाठवलेली शेवटच्या स्पर्धेची शॉटवार यादी मी दोनदा वाचली. तीत तीन ठिकाणी वाईट शॉटची साखळी लागलेली दिसते: पहिल्या सिरीजमध्ये (सिरीज म्हणजे दहा शॉट) चार, तिसरीत तीन आणि शेवटच्या सिरीजमध्ये चार. या ११ शॉटना मिळून ८४ गुण आहेत. उरलेल्या ४९ शॉटना ४५६ गुण आहेत, म्हणजे सरासरी ९.३, आणि सरावात ५५८ करणाऱ्या नेमबाजाची सरासरीही ९.३ च असते. पिस्तुलात दोष असता तर तो साठही शॉटवर कमीअधिक पसरला असता. पहिली सिरीज कोणती आणि शेवटची कोणती हे पिस्तुलाला कळत नाही. तेव्हा तुमचे अठरा गुण कुठे गेले, हा शोध पिस्तुलाच्या पेटीत घेऊन उपयोग नाही. तरीही उपकरणाचा विषय मी सोडून देणार नाही, कारण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून ग्रिपमध्ये खरोखर काही चुकले आहे असे मला वाटते. त्याकडे पुढे येतो.

आधी थोडे गणित पाहू, कारण नेमबाजीत कशाला किती महत्त्व द्यायचे हे एकदा आकड्यांत दिसले की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. आपल्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ सर्व बाजूंनी ८ मिलिमीटरने वाढत जाते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला तर दहा आणि १६ मिलिमीटरच्या आत पडला तर नऊ. आता पिस्तुलावरच्या नेम धरण्याच्या दोन साइटमधले, म्हणजे नळीच्या टोकाची पुढची पट्टी आणि मागची खाच यांमधले, अंतर ३२० मिलिमीटर धरा. मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट मधोमध राहण्याऐवजी पाव मिलिमीटर एका बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ ८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे जेमतेम दहा लागतो. अर्धा मिलिमीटर सरकली तर १५.६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम नऊ, आणि तेही तुमचा हात बुलच्या (टार्गेटवरच्या काळ्या वर्तुळाच्या) खाली अगदी बरोबर जागी स्थिर असताना. याउलट साइट एकमेकींशी चोख जुळलेल्या असतील आणि सगळा हातच समांतर ८ मिलिमीटर सरकला असेल, तर छर्राही तेवढाच, ८ मिलिमीटर सरकतो. हात हलतो म्हणून गुण जातात अशी नव्या नेमबाजाची ठाम समजूत असते आणि ती बहुतेक वेळा खोटी ठरते. हात हलतोच, ऑलिंपिकमध्ये उभ्या राहिलेल्या खेळाडूचाही हलतो. गुण जातात ते हलणारा हात पाहून बोट घाईने दाबले जाते तेव्हा, कारण त्या झटक्याने मनगट फिरते आणि साइटची जुळणी अर्ध्या मिलिमीटरने मोडते.

म्हणून नजर पुढच्या साइटवर हवी. टार्गेट धूसर दिसले पाहिजे. हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकले असेल, पण त्यामागचे हे गुणोत्तर कोणी मांडून दाखवत नाही, आणि म्हणून शेवटच्या क्षणी डोळा टार्गेटकडे पळतो. बुलच्या खाली पांढरी पट्टी नेमकी किती रुंद राहिली आहे याची काळजी करणे सोडा. ती थोडी कमीजास्त झाल्याने जे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान खाचेतल्या दोन बाजूंच्या उजेडाच्या फटी असमान झाल्याने होते.

आता वही. तिच्यात प्रत्येक शॉटसाठी तीन रकाने आखा. शॉट सुटल्यावर हात खाली आणण्यापूर्वी, स्क्रीनकडे न बघता, तो कुठे लागला असेल ते पहिल्या रकान्यात लिहायचे, उदाहरणार्थ ‘नऊ, डावीकडे खाली’. दुसऱ्या रकान्यात प्रत्यक्षात लागलेला शॉट लिहायचा आणि तिसऱ्यात एका शब्दात कारण, जसे बोट, नजर, उशीर, मनगट. साठच्या साठ शॉट असे लिहिणे कंटाळवाणे आहे, म्हणून रोज वीसच लिहा. पण ते प्रामाणिकपणे लिहा, कारण स्क्रीन पाहून मग कॉल, म्हणजे पहिल्या रकान्यातला अंदाज, लिहिण्याचा मोह फार मोठा असतो आणि मीही त्याला अनेकदा बळी पडलो आहे. रेंजवरच्या आठ-नऊ दिवसांत दीडशेहून जास्त नोंदी होतील आणि त्यांच्यावरून तीन प्रकारची चित्रे वेगळी काढता येतील. कॉल आणि शॉट जुळत असतील आणि शॉट वाईट असेल, तर दोष कृतीत आहे आणि तो तुम्हाला दिसतही आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. कॉल मधला असून शॉट पुन्हा पुन्हा एकाच बाजूला जात असेल, तर ग्रिपचा किंवा साइटच्या क्लिकचा (साइट सरकवण्याच्या स्क्रूच्या टप्प्यांचा) प्रश्न आहे. कॉल मधला असून शॉट चहूकडे विखुरत असतील, तर बहुधा तुम्ही शॉट सुटताना पुढची साइट पाहतच नव्हता. आणि नजर पक्की असल्याची खात्री असेल तरच छर्रे किंवा नळी यांच्याकडे बोट दाखवावे. स्क्रू फिरवण्याचा अधिकार फक्त दुसऱ्या चित्रातून मिळतो.

सरावाचे तास तुम्ही विचारले आहेत. तुमच्या जागी मी आठवड्याला चार दिवस रेंजवर तेवढेच ठेवीन, पण त्यांतल्या एकाच दिवशी पूर्ण साठ शॉटची घड्याळ लावून मॅच खेळेन. तुमच्या पत्रावरून दिसते की तुम्ही चारही दिवस मॅच खेळता आणि घरी जाताना त्या दिवसाचा आकडा सोबत नेता. हे सराव करणे नव्हे, रोज परीक्षा देणे आहे, आणि रोज परीक्षा देणाऱ्याचा अभ्यास कधी होणार? उरलेल्या तीन दिवसांपैकी एक दिवस टार्गेटशिवाय, म्हणजे कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारायचा. बुल नसल्यामुळे डोळ्याला पळायला जागाच उरत नाही आणि बोटाला वाट पाहण्याचे कारण राहत नाही. ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, आपोआप लहान येतो, कित्येकांचा तर बुलवरच्या ग्रुपपेक्षा लहान येतो, आणि तो पाहून जे कळते ते माझ्या कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही. दुसऱ्या दिवशी फक्त शॉट सोडून देण्याचा सराव करायचा: हात वर, नेमाच्या जागी आणणे, ट्रिगरचा पहिला टप्पा घेणे, आणि सहा ते आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. ठरवून, दर तिसऱ्या वेळी, चांगले चालले असतानासुद्धा हात खाली आणायचा. स्पर्धेत शॉट रद्द करता येत नाही अशी तक्रार बहुतेक जण करतात, पण सरावात ते शॉट कधी रद्द करतच नाहीत. मग जी गोष्ट कधी केलीच नाही ती स्पर्धेत सुचणार कशी? तिसरा दिवस वहीने दाखवलेल्या दोषाचा.

घरची ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न भरता केलेला सराव, रोज वीस मिनिटे करा, त्याहून जास्त नको. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करायची, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवायची, आणि घरातल्या माणसांना त्या वेळी त्या बाजूला येऊ द्यायचे नाही. हा नियम कितीही ओळखीचा झाला तरी मोडायचा नाही. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात दहा मीटर कुठून आणायचे, असे अनेक जण विचारतात. दहा मीटर लागतच नाहीत. सुरुवातीला कोरी भिंत पुरते, आणि बुल हवाच असेल तर भिंतीपासून तीन मीटरवर उभे राहून १८ मिलिमीटरचा काळा ठिपका लावा, कारण दहा मीटरवरचा ५९.५ मिलिमीटरचा बुल डोळ्याला तेवढाच दिसतो. ठिपका खऱ्या टार्गेटइतक्याच चढावर किंवा उतारावर दिसेल अशा उंचीवर लावा; तो खाली लावला तर खांद्याला चुकीची सवय लागते. ड्राय करताना आवाज झाल्यानंतरही दोन सेकंद साइट पाहत राहा. छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने जातो आणि सेकंदाच्या साधारण पंधराव्या हिश्शात टार्गेटवर पोहोचतो, तेव्हा ते दोन सेकंद छर्ऱ्याच्या उपयोगाचे नाहीत हे उघड आहे. त्यांचा उपयोग असा की पुढे पाहत राहायचे आहे हे ठाऊक असलेला डोळा शॉट सुटण्याआधी पळत नाही.

मनाचा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी आणि थोड्या संकोचाने विचारला आहे. संकोचाचे कारण नाही. स्पर्धेत साठ शॉटसाठी इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. त्याआधी तयारीची आणि साइटिंगची, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या शॉटची, पंधरा मिनिटे वेगळी. तुमच्या यादीवरच्या वेळा पाहिल्या तर पहिल्या सिरीजमधले ते चार शॉट एकूण दोन मिनिटांच्या आत गेले आहेत. एक आठ लागला, तो भरून काढायला दुसरा घाईने मारला, तो सात लागला, आणि पुढचे दोन त्याच्या रागात गेले. गेलेला गुण परत मिळवण्याची सोय या खेळात नाही. दहाच्या वर काही मिळत नाही, म्हणून आठ लागला की ते दोन गुण कायमचे गेले आणि पुढच्या शॉटचा त्यांच्याशी काही संबंध उरला नाही. हे पटवून घेण्यापेक्षा हाताला काम देणे सोपे असते. वाईट शॉट लागला की पिस्तूल टेबलावर ठेवा, मागे सरका, पाण्याचा घोट घ्या, पाय पुन्हा लावा, डोळे मिटून हात उचलून पाहा आणि मगच छर्रा भरा. या क्रमाला पाऊण मिनिट लागते आणि तुमच्याजवळ वेळ भरपूर असतो. हाच क्रम सरावातल्या प्रत्येक आठनंतरही करा, नाहीतर स्पर्धेत तो आठवणार नाही.

दुसरी गोष्ट बेरजेची. शेवटच्या सिरीजमधली साखळी बेरजेमुळे लागते. पन्नास शॉटनंतर तुम्ही मनात हिशेब केला असणार की आता ९४ मारले तर अमुक होईल. हे तुम्ही लिहिलेले नाही, पण त्या चारही शॉटला लागलेला जास्तीचा वेळ ते सांगतो. बेरीज करू नका असे सांगून बेरीज थांबत नाही. तिच्या जागी दुसरे काहीतरी बोलावे लागते. प्रत्येक शॉटपूर्वी स्वतःशी म्हणायचे दोन-तीन शब्द ठरवा, मराठीतच, आणि ते कृतीचे असावेत: ‘साइट, हलकेच, साइट’. ‘दहा मार’ हे शब्द कृतीचे नाहीत. माझ्या ओळखीचा एक नेमबाज हात उचलताना मनात रामरक्षेचा एकच चरण म्हणतो आणि तो नेहमी त्याच लयीत म्हणत असल्यामुळे त्याचा प्रत्येक शॉट जवळपास सारख्या वेळेत सुटतो. श्रद्धेचा भाग त्याच्याजवळ राहू द्या. लय घेण्यासारखी आहे.

उपकरण बिघडले तर काय, ही भीतीही मनाच्याच खात्यात जाते. टोकियोत २०२१ साली भारताची नेमबाज मनू भाकर हिचे पिस्तूल पात्रता फेरी सुरू असताना बिघडले, मौल्यवान मिनिटे गेली, आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसला पात्रतेत ५८० करून अंतिम फेरीत गेली आणि २२१.७ गुणांवर कांस्यपदक घेऊन आली. रौप्यासाठी झगडताना ती त्या क्षणी ०.१ गुणाने मागे होती, म्हणजे टार्गेटवर मोजाल तर ०.८ मिलिमीटर. पिस्तूल कधीतरी कोणालाही दगा देते. त्याची तयारी म्हणून सुटे सील, स्क्रूची पाने, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर जादा बॅटरी, आणि मुदतीतला दुसरा हवेचा सिलिंडर पेटीत ठेवावा आणि विषय तिथेच मिटवावा.

आता ग्रिप. तुम्ही लिहिले आहे, ‘हात उचलल्यावर साइट जुळवण्यासाठी मनगट थोडे डावीकडे वळवावे लागते, पण त्याची आता सवय झाली आहे.’ हेच ते वाक्य. ही सवय होता कामा नये. इथे दोन वेगवेगळ्या चाचण्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. डोळे मिटा, हात उचला, नेमाच्या उंचीवर आणा, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. साइट एकमेकींशी जुळलेल्या आहेत पण सगळे पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे रोखलेले आहे, असे दिसले तर उभे राहणे चुकले आहे. मागचा पाय किंचित सरकवा, ग्रिपला हात लावू नका. मात्र पुढची साइटच खाचेत एका बाजूला चिकटलेली दिसली, तर पाय कितीही सरकवून उपयोग नाही. ग्रिप तुमच्या हाताची नाही. ही चाचणी एकदा करून भागत नाही. वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा वेळा करा आणि दहापैकी किती वेळा साइट कोणत्या बाजूला दिसली ते वहीत लिहा.

गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलीची ग्रिप आम्ही कशी दुरुस्त केली ते सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. तिचा तळहात लहान आणि अंगठ्याखालचा उंचवटा मोठा, आणि ग्रिप मध्यम मापाची. तिच्या तळहाताला आम्ही काजळाचा पातळ हात लावला, तिला पिस्तूल नेहमीसारखे धरायला लावले, पाच वेळा हात वर-खाली करायला लावला आणि ग्रिप सोडवून प्रकाशात धरली. काळे डाग सगळीकडे सारखे पडायला हवे होते. ते अंगठ्याच्या मुळाशी दाट होते, करंगळीजवळ जवळजवळ नव्हतेच, आणि तळहाताच्या मधोमध एक चकचकीत डाग होता जिथे लाकूड रोज घासत होते. याचा अर्थ हात ग्रिपला तीन टोकांवर धरत होता आणि करंगळी जागा शोधत दर वेळी नव्याने आवळली जात होती. आम्ही अंगठ्याच्या मुळाशी गोल कानशीने दहा हात मारले, पुसले, पुन्हा काजळ लावले आणि पुन्हा पाहिले. घाई केली नाही, कारण काढलेले लाकूड परत येत नाही. करंगळीच्या बाजूला एम-सीलची पातळ वळी लावली, हातावर तेलाचे बोट फिरवून पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, आणि तिला अगदी रोजच्या जोरानेच ग्रिप धरायला सांगितली. जोर जास्त लावला तर तो जोर त्या मसाल्यात कायमचा उमटतो आणि मग प्रत्येक शॉटला तेवढेच आवळावे लागते. रात्रभर सुकू दिले, सकाळी काचकागदाने कडा मारल्या. तीन शनिवार लागले. चौथ्या शनिवारी डोळे उघडल्यावर दहापैकी आठ वेळा साइट मधोमध होती, आणि त्यानंतर मी तिला कानस कपाटात ठेवायला सांगितली. तिला दहापैकी दहा हवे होते, पण तिथून पुढे हात दर दिवशी वेगळा असतो, लाकूड नाही.

हे करताना नियमांचे भान ठेवा. साइट, ग्रिप, वजने सगळे धरून पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे आणि एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत हवे. ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये आणि मनगट मोकळे दिसले पाहिजे. तळहाताखालच्या फळीला वर वळण देऊन हात अडकवण्याची युक्ती मनाई असलेली आहे, आणि ती युक्ती प्रत्येकाला स्वतःचाच शोध वाटते. पिस्तूल धरण्याच्या हातात घड्याळ, कडे किंवा पट्टा चालत नाही. मनगटात गंडा बांधलेला असेल तर तपासणीच्या टेबलावर वाद घालण्यापेक्षा आधीच दुसऱ्या हातात बांधावा. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तेव्हा जुलैत बरोबर बसणारी ग्रिप डिसेंबरमध्ये किंचित सैल वाटली तर लगेच पुट्टी लावायला घेऊ नका. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी सातला हातही आखडलेले असतात. आधी हात चोळा, हातमोजे घाला, अर्ध्या तासाने पुन्हा धरून पाहा. मे महिन्यात उलटा प्रकार, घामाने हात सरकतो. त्याला टॉवेल पुरतो.

ट्रिगरविषयी माझी फजिती सांगतो. नियमाने एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन उचलले पाहिजे. तपासणीसाठी मी टूलरूममध्ये लेथवर पितळेचे वजन वळून घेतले होते, काट्यावर अचूक ५००. मग ते टांगायला तारेचा हुक हवा म्हणून त्याला भोक पाडले, आणि भोकातून निघालेला पितळेचा कीस हुकच्या वजनापेक्षा जास्त होता, हे माझ्या ध्यानातच आले नाही. वजन चार-पाच ग्रॅमने हलके झाले. त्याच्यावर मी वर्षभर ट्रिगर लावला, आणि एका राज्य स्पर्धेच्या आदल्या रात्री लॉजच्या खोलीत, सरावात थोडा जड वाटला म्हणून, आणखी अर्धा फेरा कमी केला. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर वजन तीनही वेळा घसरले. तिथेच उभ्याने स्क्रू आवळला, पास झालो, आणि फायरिंग पॉइंटवर गेलो तो एका अनोळखी ट्रिगरसह. सरावापेक्षा २१ गुण कमी झाले. दोष पितळाचा नव्हता; ५०० च्या काठावर राहण्याच्या हव्यासाचा होता. तेव्हापासून मी ५१५-५२० ग्रॅमवर लावतो आणि तो फरक आजवर माझ्या बोटाला कळलेला नाही.

ट्रिगर लावायचा असेल तेव्हा क्रम असा ठेवा. प्रथम ट्रिगरची पट्टी पुढे-मागे करून बोटाचे पहिले पेर तिच्यावर सरळ बसते का ते पाहा, कारण बोट तिरके पडले तर दाब बाजूला जातो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट डावीकडे झुकतात. मग वजनाची वाटणी पाहा. पहिल्या टप्प्यात मोठा हिस्सा, साधारण ३५० ते ४०० ग्रॅम, आणि उरलेला दुसऱ्यात, अशी वाटणी बहुतेकांना मानवते. मात्र तुमचे बोट नेमाच्या वेळी गोठते, दाबावेसे वाटते पण दाबले जात नाही, असे होत असेल तर दुसरा टप्पा आणखी हलका करणे हा त्यावरचा उपाय नाही. त्याने आठवडाभर बरे वाटते आणि मग बोट नव्या वजनावरही गोठते. कोरा कागद हा त्याचा उपाय. प्रत्येक बदलाआधी स्क्रूवर पेन्सिलची खूण करा, किती फेरे आणि कोणत्या दिशेला हे तारखेसह लिहा, एका वेळी एकच स्क्रू फिरवा, आणि त्यानंतर निदान तीनशे शॉट होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका. तुम्ही सहा महिन्यांत केलेले बदल यातल्या कुठल्याच रीतीने नोंदलेले नसल्यामुळे आज तुमचा ट्रिगर कुठे आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही. म्हणून सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे तो कारखान्याच्या मूळ जागी आणा, वजन तपासा, आणि दोन महिने विसरून जा.

साइटबद्दल फार सांगायचे नाही. खाच थोडी रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंचा उजेड स्पष्ट दिसेल. अरुंद खाच अचूक वाटते पण डोळा थकवते. छर्ऱ्यांच्या बाबतीत एक चांगला मॅचचा छर्रा निवडा आणि तोच वापरा. ४.४९ आणि ४.५० मापांतला फरक पिस्तूल व्हाइसमध्ये (पक्क्या शिकंजात) पकडून मारले तर दिसतो, ५५८ च्या हातात दिसत नाही. ज्या डोळ्याने नेम धरत नाही त्याच्यापुढे झापड लावता येते, तिची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. डोळा मिटून धरण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

नव्या पिस्तुलाबाबत इतकेच. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्दिनी यांपैकी कोणतेही मॅच पिस्तूल व्हाइसमध्ये पकडून मारले तर पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकात घालते, आणि तुमचे पिस्तूल त्यांपैकीच एक आहे. सील बदलून घ्या, सिलिंडरवरची तारीख तपासा, नळी साफ करा. जेवढे पैसे नव्या पिस्तुलाला जाणार आहेत त्यांत दोन वर्षांचे छर्रे आणि बाहेरगावच्या पाच-सहा स्पर्धांचा प्रवास होतो, आणि तुम्हाला कमतरता आहे ती स्पर्धांचीच; अडीच वर्षांत तुम्ही सात स्पर्धा खेळला आहात.

पंधरा दिवसांनी वही आणि ग्रिप दोन्ही घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो आणि कानशी, काचकागद माझ्याकडे आहेत. काजळ मात्र तुमचे तुम्ही आणा. मागच्या वेळी बायकोची डबी संपवल्याचे मला अजून ऐकून घ्यावे लागते.